दीड हजार कोणत्या खात्याचे?



उस्मानपुऱ्यातल्या बैठकांत हल्ली एक प्रश्न वारंवार निघतो : 'लाडक्या बहिणी'चे दीड हजार येतात कुठून? उत्तर शोधू लागलो की राज्यकारभार कसा चालतो तेच समोर येते.

योजना महिला व बालविकास खात्याची, जुलै २०२४ पासूनची. पण मंत्र्यांच्या घोषणेने तिजोरी उघडत नाही. विधिमंडळ अर्थसंकल्प मंजूर करते, वित्त खाते निधी सोडते, शासन निर्णय निघतो. अर्ज भरून घ्यायला मात्र तुटपुंज्या मानधनावरची अंगणवाडी सेविका! २०२५-२६ च्या सुमारे ७ लाख कोटींच्या अर्थसंकल्पात या एका योजनेला ३६ हजार कोटी दिले गेले.

तरीही मे २०२५ मध्ये हप्त्यासाठी सामाजिक न्याय खात्याचे ४१० कोटी आणि आदिवासी विकास खात्याचे ३३५ कोटी वळवले गेले. तेव्हाचे सामाजिक न्यायमंत्री संजय शिरसाट आपल्याच शहरातून निवडून आलेले. त्यांनी जाहीर नाराजी व्यक्त केली. खात्याच्या मंत्र्यावरच ही पाळी, तर वस्तीतल्या बाईने कोणाला विचारावे?

सरकारचे म्हणणे, हा पैसा अनुसूचित जाती-जमातींच्या बहिणींसाठीच आहे, नियमात बसतो. बसत असेलही. पण राखीव निधी असतो तो वसतिगृहांसाठी, शिष्यवृत्त्यांसाठी, वस्तीतल्या सोयींसाठी. इतर बहिणींना सर्वसाधारण तिजोरीतून जे मिळते, तेच दलित-आदिवासी बाईला तिच्या राखीव वाट्यातून द्यायचे, हा कुठला न्याय? आईच्या खात्यावर दीड हजार आले आणि लेकीची शिष्यवृत्ती रखडली, तर त्या घराने काय कमावले?

दीड हजारांना आमचा विरोध नाही. जिच्या हाती कधी स्वतःचा पैसा आला नाही, तिला त्याचे मोल आपण शिकवायला नको. पण २२ जून १९९४ रोजी याच राज्याने देशातले पहिले महिला धोरण आणले, त्याच वर्षी मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः वाटा दिला. तो हक्क होता, पुढच्या हप्त्यावर अवलंबून नव्हता. स्त्रियांचा प्रश्न सगळ्याच खात्यांचा, ही तेव्हाची भूमिका. सगळ्या खात्यांनी आपापले काम करावे, असा तिचा अर्थ. एकाचे काम मोडून दुसऱ्याचे भागवावे, असा नव्हे.

मार्चच्या अधिवेशनाआधी प्रत्येक गटाने समाजकल्याण सहायक आयुक्तांकडे माहितीच्या अधिकारात अर्ज टाकावा : जिल्ह्यातल्या मुलींच्या वसतिगृहांना किती मंजूर झाले, किती पोचले, कधी पोचले? अर्जाला दहा रुपये लागतात. दारिद्र्यरेषेखालच्या बाईला तेही लागत नाहीत.