बाटलीभर पाणी आणि ८३ टन बर्फ

आमच्या टीममधल्या एकाने परवा विचारलं, "अंटार्क्टिकाच्या क्रूझवर म्हणे प्रवाशांना शास्त्रज्ञांच्या कामात मदत करता येते. मग जायला काय हरकत आहे?" प्रश्न साधाच, पण त्यातलं ते 'मग' मला खटकलं.

आधी श्रेय द्यायचं तिथे देऊ या. हे काम म्हणजे नुसता देखावा नाही. अमेरिकेतल्या स्क्रिप्स समुद्रविज्ञान संस्थेचा 'फ्योर्डफायटो' हा प्रकल्पच घ्या. प्रवासी रबरी होडीतून बारीक जाळं पाण्यात सोडतात, नमुने गोळा करतात. त्या पाण्यातल्या सूक्ष्म शैवालावर क्रिल जगतात आणि क्रिलवर पेंग्विन, देवमासे वगैरे मंडळी. हिमनद्या वितळून समुद्रात गोडं पाणी वाढलं की हे शैवाल कसं बदलतं, हा खरा प्रश्न. संशोधन जहाजं थोडी, त्यांचे दिवसही मोजके. पर्यटकांची जहाजं मात्र नोव्हेंबर ते मार्च त्याच त्या खाड्यांत पुन्हा पुन्हा येतात. आपल्या भाषेत सांगायचं तर एका स्नॅपशॉटऐवजी अख्ख्या सीझनचा लॉग मिळतो!

'हॅपीव्हेल'चंही तसंच. हंपबॅक देवमाशाच्या शेपटीखालची नक्षी म्हणजे त्याचा अंगठ्याचा ठसा. प्रवाशांनी काढलेल्या फोटोंवरून एकेक देवमासा ओळखता येतो, त्याचा प्रवास कळतो.

आता हिशोबाची दुसरी बाजू. २०२३-२४ च्या सीझनमध्ये लाखाहून जास्त पर्यटक अंटार्क्टिकाला गेले. जहाजांच्या धुरातली काजळी बर्फावर बसते, बर्फ काळवंडतो, ऊन जास्त शोषतो आणि लवकर वितळतो. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचा अंदाज असा की २०१६ ते २०२० या काळात दर पर्यटकामागे सुमारे ८३ टन बर्फ असा लवकर वितळला. एका माणसामागे! बाटलीभर पाण्याच्या नमुन्याने हे खातं मिटत नाही.

जहाज जाणारच असेल तर त्यावर नमुने जरूर घ्यावेत, त्यात सगळ्यांचाच फायदा. पण विज्ञानाला मदत म्हणून तिकीट काढणं हे मला पटत नाही. मदतच करायची असेल तर ती घरबसल्याही होते की. ऑक्सफर्डच्या शास्त्रज्ञांनी २०१४ साली 'पेंग्विन वॉच' सुरू केलं. वसाहतींजवळ लावलेल्या कॅमेऱ्यांचे फोटो बघून जगभरच्या लोकांनी त्यातले पेंग्विन मोजून दिले. एक इंटरनेट कनेक्शन आणि थोडी चिकाटी, बस्स.

आणि एवढं सगळं कळूनही जावंसं वाटलं तर? जा की. तो पांढरा खंड डोळ्यांनी बघावासा वाटण्यात लाज कसली? फक्त "मला बघायचंय म्हणून जातोय" असं सरळ म्हणा. बुकिंग करण्याआधी कंपनीला दोन प्रश्न विचारा: गेल्या वर्षीचे नमुने कुठे गेले? त्यातून काय कळलं? उत्तरादाखल नुसतं ब्रोशर हातात आलं, तर काय ते समजून जा.