वेकोलिला खुले पत्र : युबारीचा ताळेबंद

प्रति,
अध्यक्ष तथा व्यवस्थापकीय संचालक,
वेस्टर्न कोलफिल्ड्स लिमिटेड, नागपूर.

महोदय,

सावनेरच्या भूमिगत खाणीत पर्यटकांना उतरवण्याचा वेकोलि आणि एमटीडीसीचा उपक्रम स्तुत्यच. ज्याच्या घरात विजेचा दिवा लागतो त्याने एकदा तरी कोळशाचा थर जवळून पाहावा. मात्र पर्यटनाचा हा पसारा वाढवण्याआधी जपानमधल्या युबारीचा ताळेबंद आपल्या टेबलावर असायला हवा.

होक्काइदो बेटावरच्या या डोंगरी गावात 1890 च्या सुमारास खाणकाम सुरू झाले. 1960 मध्ये वस्ती 1 लाख 16 हजारांवर पोहोचली, भरभराटीच्या काळात चोवीस खाणी चालू होत्या. पुढे तेल आले, स्वस्त आयात कोळसा आला आणि एकेक खाण मिटत गेली. ऑक्टोबर 1981 मध्ये नव्या खाणीत वायूचा उद्रेक झाला. आत 59 जण बेपत्ता असतानाच आग विझवण्यासाठी नदीचे पाणी सोडावे लागले. एकूण 93 जण दगावले. वर्षभरात ती खाणही बंद झाली आणि 1990 मध्ये शेवटच्या खाणीला टाळे लागले.

महापौर तेत्सुजी नाकाता यांनी घोषणा दिली होती : कोळशाकडून पर्यटनाकडे. कोळसा संग्रहालय, करमणूक उद्यान, रोबोंचे दालन, हॉटेले, चित्रपट महोत्सव, सगळे उभे राहिले. महोत्सवाला येऊन गेलेल्या क्वेंटिन टॅरँटिनोने ‘किल बिल’मधल्या एका पात्राला चक्क ‘गोगो युबारी’ असे नाव दिले. एवढी जाहिरात कोणत्या गावाला फुकट मिळते! तरी पर्यटक ओसरले. बाहेरच्या कंपनीने काढता पाय घेतला, तेव्हा तिचे स्की रिसॉर्टही नगरपालिकेनेच विकत घेतले.

या हौसेला नावे ठेवणे सोपे आहे. पण मोठा खड्डा तिच्याखाली आधीच पडलेला होता. खाणगावात घरे, पाणी, दवाखाना असे सगळे कंपनीचे. कंपन्या गेल्या आणि ते ओझे नगरपालिकेच्या गळ्यात पडले. खाणबंदीनंतरची ही निस्तरानिस्तर सुमारे 5,830 कोटी येनांची होती, त्यातला मोठा भाग कर्जाचा. मग नव्या आर्थिक वर्षाचे पैसे जुन्या वर्षात दाखवत याची टोपी त्याला घालणे सुरू झाले. 2006 मध्ये बिंग फुटले. 2007 मध्ये सुमारे 3,530 कोटी येनांच्या तुटीसह गाव अधिकृतपणे दिवाळखोर ठरले.

किंमत मोजली ती राहिलेल्यांनी. 171 खाटांच्या रुग्णालयाचा 19 खाटांचा दवाखाना झाला. प्राथमिक शाळा एकच उरली. महापौराचा पगार सत्तर टक्क्यांनी कापला गेला. आज तिथे सात हजार माणसेही नाहीत. गावाचे नाव अजून बाजारात आहे ते खरबुजांमुळे : 2019 च्या पहिल्या लिलावात एक जोडी 50 लाख येनांना गेली.

वणी, माजरी, बल्लारपूर, उमरेड या भागांतही कित्येक क्वार्टर, नळ आणि दवाखाने वेकोलिच्या भरवशावर आहेत. म्हणून एकच मागणी. खाण पर्यटनाचा पुढचा प्रस्ताव जाहीर कराल, तेव्हा त्यासोबत त्या भागातली कोणती खाण कधी बंद होणार आणि त्यानंतर पाणी, दवाखाना, वसाहत कोण, कोणत्या पैशातून चालवणार, याचा तक्ता जोडा. तो मराठीत छापा आणि ग्रामसभेपुढे ठेवा.

कळावे.