मोजले, पण विचारले नाही

वाशिमचा २०१८ साली आकांक्षित जिल्ह्यांत समावेश झाला आणि तेथील आरोग्य-शिक्षणाची मोजदाद नेमाने होऊ लागली. मोजदादीवाचून योजना नाही, हे कार्यकर्ते जाणतातच. परंतु रिसोड-मानोऱ्याकडील एखाद्या तृतीयपंथी, अथवा स्त्री-पुरुष या दोन्ही चौकटींत न बसणाऱ्या मुलाने शाळा सोडली, तर त्याचे कारण कोणत्या तक्त्यात उमटेल?

२०११ च्या जनगणनेने ‘इतर’ या सदरात देशभर ४,८७,८०३ व्यक्ती नोंदविल्या. त्यांपैकी ५४,८५४ ही सहा वर्षांपर्यंतची बालके होती. ही नोंद त्यांना विचारून झालेली नाही, हे उघड आहे. पुढे २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने आपली लिंगओळख स्वतः ठरविण्याचा हक्क मान्य केला. तरीही अठरा वर्षांखालील मुलास संशोधनात घ्यावयाचे तर सामान्यतः पालकांची संमती लागते. ज्याने घरी तोंडच उघडलेले नाही, त्याने ती कशी मागावी?

नीतिसमित्यांनी अशा प्रसंगी ही अट शिथिल केली पाहिजे. प्रश्नावली ठरवितानाच या तरुणांना सोबत घेतले पाहिजे. आणि गावनिहाय आकडे छापता कामा नयेत. लहान गावात ‘एक’ हा आकडाही नावच सांगतो.