कोलारची खाण आणि आपली प्रयोगशाळा

ऑगस्ट १९६५ हा महिना आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत सीमेवरील युद्धाच्या निमित्ताने येतो. त्याच महिन्यात भारतीय विज्ञानाच्या इतिहासातील एक मोठी घटना जगासमोर आली. मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था, जपानमधील ओसाका सिटी विद्यापीठ आणि इंग्लंडमधील डरहॅम विद्यापीठ येथील अकरा शास्त्रज्ञांनी एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. तेव्हाच्या म्हैसूर राज्यातील कोलारच्या सोन्याच्या खाणीत, जमिनीखाली सुमारे २.३ किलोमीटर खोलीवर, वातावरणात जन्मलेल्या न्यूट्रिनो कणांची चाहूल त्यांच्या यंत्रांनी टिपली होती. दक्षिण आफ्रिकेतील एका सोन्याच्या खाणीत फ्रेडरिक राइन्स यांचा गट याच शोधात होता. त्यांचा निबंध त्याच महिन्याच्या अखेरीस आला. वातावरणीय न्यूट्रिनोंची जगातील पहिली नोंद करणाऱ्या दोन गटांपैकी एक आपल्या देशाच्या मातीत काम करीत होता.

आम्ही इतिहासाचे अध्यापक. तरीही शाळेच्या स्मरणिकेसाठी आम्ही हा विषय निवडला, कारण कोलारच्या त्या एकाच खाणीत दोन इतिहास एकावर एक रचलेले आहेत. एक मोजमाप करणाऱ्यांचा, दुसरा खोदणाऱ्यांचा. पहिला विज्ञानाच्या ग्रंथांत आहे. दुसरा आपला आहे, आणि तो आपणच विसरत चाललो आहोत.

आधी विज्ञान पाहू. अवकाशातून पृथ्वीवर वैश्विक किरणांचा अखंड मारा होत असतो. त्यांतील बहुतेक कण प्रोटॉन असतात. ते उंच हवेतील नायट्रोजन-ऑक्सिजनच्या अणुकेंद्रकांवर आदळतात आणि त्या टकरीतून पायॉन नावाचे अल्पजीवी कण निर्माण होतात. पायॉन फुटून म्युऑन आणि न्यूट्रिनो जन्मतात. म्युऑनला विद्युतभार असतो, त्यामुळे तो यंत्राला सहज सापडतो. उघड्यावर धरलेल्या आपल्या तळहातातून दर सेकंदाला साधारण एक म्युऑन जातो. न्यूट्रिनोला विद्युतभार नाही आणि वस्तुमान जवळजवळ नाही. तो संपूर्ण पृथ्वी आरपार पार करून जातो. सूर्याकडून येणारे न्यूट्रिनो तर नखाएवढ्या जागेतून दर सेकंदाला सुमारे सहा हजार कोटी या संख्येने जातात, आणि आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

मग असा कण पकडायचा कसा? क्वचित एखादा न्यूट्रिनो खडकातील अणुकेंद्रकावर आदळतो आणि त्यातून म्युऑन बाहेर पडतो. तो म्युऑन हीच न्यूट्रिनोची साक्ष. परंतु जमिनीवर म्युऑनांचा पाऊस पडत असताना ही एक साक्ष ओळखणे अशक्य. म्हणून डोक्यावर खडकाची जाड चाळणी हवी. आपल्या तालुक्यात बोअर पाचशे फुटांवर गेला तरी शेतकऱ्याच्या छातीत धडधड सुरू होते. कोलारचा प्रयोग साडेसात हजार फुटांवर होता. तेथेही शास्त्रज्ञांनी आडव्या दिशेने येणाऱ्या म्युऑनांवर लक्ष ठेवले. वरून सरळ येणारा एखादा बलवान म्युऑन २.३ किलोमीटर खडक भेदून येऊ शकेल. तिरप्या वाटेने येणाऱ्याला त्याहून कितीतरी अधिक खडक पार करावा लागेल, आणि ते त्याला शक्य नाही. म्हणजे आडवा येणारा म्युऑन हवेतून आलेला नसून जवळच्या खडकात न्यूट्रिनोने जन्माला घातलेला असणार. इतका साधा, इतका चोख तर्क.

आता खोदणाऱ्यांकडे वळू. ही साडेसात हजार फुटांची वाट शास्त्रज्ञांनी खणलेली नव्हती. १८८० च्या दशकापासून जॉन टेलर अँड सन्स या ब्रिटिश कंपनीच्या अमलाखाली ती खणली गेली, आणि खणणारे मजूर प्रामुख्याने तमिळ भाषक अस्पृश्य समाजातील होते. खडकाचा दाब सुटून होणारे स्फोट, असह्य उष्मा आणि छातीत साचणारी धूळ हे त्यांचे रोजचे जगणे होते. वाचकांपैकी अनेकांना ठाऊक नसेल, परंतु हेच खाणकामगार बौद्ध धम्माच्या आधुनिक पुनरुत्थानाचे अग्रदूत होते. पंडित अयोथी दास यांनी १८९८ मध्ये मद्रास येथे शाक्य बौद्ध संघ स्थापन केला, आणि त्याची एक अत्यंत जिवंत शाखा कोलारच्या खाणवस्तीत उभी राहिली. दिवसभर खाणीत राबणारी माणसे पंडितजींचे तमिळ साप्ताहिक वाचत होती, आपला प्राचीन इतिहास शोधत होती. १९१४ मध्ये पंडितजी गेल्यावर त्यांचे लेखन छापून जिवंत ठेवण्याचे मोठे काम याच वस्तीने केले. नागपूरच्या १९५६ च्या धम्मदीक्षेपूर्वी सुमारे पन्नास वर्षे कोलारचा खाणकामगार बुद्धाला शरण गेला होता.

पुढे १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात बाबासाहेबांकडे मजूर खाते होते. डिसेंबर १९४३ मध्ये धनबाद परिसरातील कोळसा खाणींना भेट देताना ते स्वतः खाणीत उतरले. कामगार कोणत्या अंधारात काम करतो हे कागदावरून कळत नाही, खाली उतरूनच पाहावे लागते, अशी त्यांची धारणा त्या कृतीतून दिसते.

शोधनिबंधावर अकरा नावे आहेत. खाण खोदणाऱ्यांची नावे अशा निबंधावर घालण्याची पद्धत नाही, आणि आमची तक्रार त्या अकरा विद्वानांविषयी नाही. आमचा प्रश्न व्यवस्थेविषयी आहे. या देशात हाताने काम करणारा आणि बुद्धीने काम करणारा यांची फाळणी जातीने केली. ज्याच्या हाती हत्यार, त्याच्या हाती पोथी द्यायची नाही. ज्याच्या हाती पोथी, त्याने हत्यार धरायचे नाही. या फाळणीने दलितांचे नुकसान केले हे आपण नेहमी म्हणतो. तिने भारतीय विज्ञानाचेही तितकेच नुकसान केले, हे आम्हाला येथे आवर्जून सांगायचे आहे. प्रायोगिक विज्ञान ही फाळणी मान्य करीतच नाही.

कण टिपणाऱ्या यंत्रांचे इलेक्ट्रॉनिक्स हे याचे उत्तम उदाहरण. कोलारमध्ये कण गेल्यावर चमक देणारे प्लॅस्टिकचे पत्रे आणि निऑन वायूच्या नळ्या बसविल्या होत्या. ती चमक इतकी क्षीण असते की प्रकाशाचे विजेच्या संकेतात रूपांतर करून तो संकेत वाढवावा लागतो. त्यातही एका पत्र्याच्या संकेतावर विश्वास ठेवता येत नाही, कारण यंत्र आपोआपही खोटे संकेत देते. म्हणून समोरासमोरच्या दोन पत्र्यांतून एकाच क्षणी संकेत आला तरच नोंद करणारे सर्किट वापरतात. त्याला कोइन्सिडन्स सर्किट म्हणतात; या पद्धतीसाठी जर्मन शास्त्रज्ञ वाल्थर बोथे यांना १९५४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. एका साक्षीदारावर निकाल देऊ नये, दोन स्वतंत्र साक्षी जुळल्या तरच मान्य करावे, हाच तो न्याय. इतिहासाच्या विद्यार्थ्यालाही तो परका नाही.

आजच्या यंत्रांत हेच काम फार सूक्ष्म झाले आहे. भारतीय न्यूट्रिनो वेधशाळेसाठी आखलेल्या यंत्रात पन्नास हजार टन चुंबकीय लोखंडाचे सुमारे दीडशे थर आणि त्यांच्यामध्ये काचेच्या सुमारे २९ हजार पेट्या योजल्या आहेत. प्रत्येक पेटीत काचेच्या दोन पत्र्यांमध्ये दोन मिलिमीटरची फट, फटीत वायू आणि दोन्ही बाजूंना मिळून सुमारे दहा हजार व्होल्टचा दाब असतो. कण गेला की वायूत विजेचा छोटासा लोट उठतो, आणि बाहेरच्या तांब्याच्या पट्ट्यांवर तो संकेत म्हणून उमटतो. असे सुमारे ३६ लाख संकेतमार्ग वाचायचे आहेत, आणि तेही सेकंदाच्या अब्जाव्या भागाच्या अचूकतेने. एवढ्या वेळात प्रकाश जेमतेम एक फूट जातो. ही यंत्रे आणि त्यांची सर्किटे घडविण्याचे काम मुंबईत टाटा संस्थेत आणि भाभा अणुसंशोधन केंद्रात झाले. त्यांतील ८५ टनांचा एक नमुना मदुराई येथे उभा आहे. तेथे सोल्डरिंगचा एक सांधा कच्चा राहिला तर मोठ्यातल्या मोठ्या सिद्धांताचाही उपयोग नाही. हाताची अचूकता हीच तेथे बुद्धीची कसोटी आहे.

मुख्य वेधशाळा मात्र अद्याप उभी राहिलेली नाही. कोलारमधील प्रयोग १९९० च्या दशकाच्या सुरुवातीस थांबले, आणि २००१ मध्ये खाणही बंद झाली. जपानने कामिओकाच्या खाणीत काम चालू ठेवले. तेथील सुपर-कामिओकांदे यंत्राने १९९८ मध्ये दाखविले की वातावरणीय न्यूट्रिनो प्रवासात आपला प्रकार बदलतात, म्हणजेच त्यांना वस्तुमान आहे. त्यासाठी ताकाआकी काजिता यांना २०१५ च्या नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. २०१५ च्या सुरुवातीसच केंद्र शासनाने तमिळनाडूतील थेनी जिल्ह्यात पोट्टीपुरम येथील डोंगरात आपल्या वेधशाळेस मंजुरी दिली; परंतु स्थानिक जनतेचा विरोध, न्यायालयीन लढे आणि पुढे राज्य शासनाचा नकार यांत ती अडकली.

या विरोधाला अडाणीपणा म्हणणाऱ्यांशी आम्ही सहमत नाही. न्यूट्रिनो कोणाला इजा करीत नाही हे खरे. तो तसाही आपल्या देहातून जातच असतो. परंतु डोंगरातील सुरुंग, धूळ आणि पाणी यांविषयीचे प्रश्न रास्त आहेत, आणि ज्यांचा डोंगर फोडायचा त्यांची संमती हा लोकशाहीचा पाया आहे. त्याचबरोबर असे प्रश्न अचूक विचारण्यासाठी आणि मिळालेले उत्तर तपासून घेण्यासाठी गावातच विज्ञान जाणणारी माणसे हवीत. ती नसतील तर गावाला एकतर सगळे निमूट मान्य करावे लागते, नाहीतर सगळे नाकारावे लागते.

येथे एक आक्षेप येणार हे आम्ही जाणतो. ज्यांचे आईबाप दिवाळीनंतर मुकादमाची उचल फेडण्यासाठी कोयता घेऊन साखर कारखान्यांच्या फडावर जातात, त्या शिरूर कासारच्या लेकरांना न्यूट्रिनो कशाला? त्यांना आधी नोकरी द्या. आक्षेप मनापासूनचा आहे, म्हणून त्याचे उत्तरही सरळ देतो. गरिबाच्या मुलाला फक्त उपयोगाचेच शिकवावे, हा विचार वरवर दयेचा वाटतो. पण कोणाला काय उपयोगाचे हे ठरविणारा दुसराच असतो. शिवाय इलेक्ट्रॉनिक्सचे शिक्षण पोटालाही धरून आहे. सर्किट वाचणारा, मोजमाप करणारा आणि बिघाड शोधणारा हात रुग्णालयाच्या यंत्रापासून सौरपंपापर्यंत सर्वत्र लागतो. आपल्याच मराठवाड्यात, हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरी मोजणारा लायगो-इंडिया प्रकल्प उभा राहत आहे. २०२३ मध्ये त्यासाठी २६०० कोटी रुपये मंजूर झाले. त्याच्या पायाभरणीला मराठवाड्याचे मजूर लागतील यात शंका नाही. त्याच्या यंत्रांजवळ मराठवाड्याची मुले असतील की नाही, हे आजच्या शाळा ठरवतील.

म्हणून आमची सूचना. शाळेच्या वर्धापनानिमित्त माजी विद्यार्थी आणि समाजबांधव निधी देतील. त्यातून भव्य कमान उभारावी, असे काहींचे मत आहे. आमच्या मते तो निधी इलेक्ट्रॉनिक्सच्या कार्यशाळेला द्यावा: काही सोल्डरिंग इस्त्र्या, मल्टीमीटर, एक ऑसिलोस्कोप आणि गायगर नळ्या. दोन गायगर नळ्या एकमेकींवर ठेवून त्यांना कोइन्सिडन्स सर्किट जोडले, की नववीतली मुले-मुली म्युऑन मोजू शकतात. नळ्यांना सुमारे चारशे व्होल्टचा दाब लागतो, म्हणून शिक्षकाने जवळ थांबावे, एवढेच. आधी नळ्या एकीवर एक ठेवून मोजावे, मग शेजारी-शेजारी. उभ्या दिशेने नोंदी अधिक येतात, आडव्या दिशेने कमी. कोलारचा सारा युक्तिवाद याच फरकावर उभा होता, आणि तो आपली मुले आपल्या वहीत स्वतः मांडतील.

आपल्या शाळेतून शिकून गेलेल्यांत वायरमन आहेत, मोबाइल दुरुस्त करणारे आहेत, पुण्या-मुंबईत अभियंते आहेत. त्यांच्याकडे आम्ही पैशाआधी वेळ मागतो. महिन्यातून एका रविवारी एकाने जरी सिंदफणेकाठच्या या शाळेत येऊन मुलांच्या शेजारी बसून एक सर्किट जोडले, तरी कार्यशाळा सुरू झाली असे आम्ही समजू. कमान पुढच्या वर्षीही बांधता येईल. आज नववीत असलेली मुले पुढच्या वर्षी नववीत नसतील.