अंडी देईना? आधी छातीचे हाड चाचपून पाहा

"आपा, कोंबड्या अंडी द्यायच्या बंद झाल्या." दिवाळीच्या सुट्टीनंतर ही एकच तक्रार दोन घरांतून माझ्याकडे आली. एक घर मंगरूळपीरचे, दुसरे रिसोड तालुक्यातल्या एका खेड्यातले. दोन्हीकडच्या मुली माझ्या ओळखीच्या. दोन्ही घरांतल्या बायकांनी उपायही एकच केला होता, तो म्हणजे दाणे वाढवले. अंडे नाही याचा अर्थ पोट भरत नसेल, असे त्यांना वाटले. पण एका घरच्या कोंबड्या चरबीने गच्च झाल्या होत्या आणि दुसऱ्या घरच्या हाडाला लागल्या होत्या.

ही गोष्ट किरकोळ समजू नका. आपल्या घरांत शेत अब्बांचे, दुकान भावाचे, पण कोंबड्या बाईच्या असतात. अंड्याच्या पैशांचा हिशेब तिला कुणी विचारत नाही. त्यातून वह्या येतात, भिशीचा हप्ता जातो, ईदला मुलीच्या बांगड्या होतात. अंडी थांबली तर घराला महिनाभर पत्ताही लागत नाही, पण तिची मूठ त्याच दिवशी रिकामी होते.

मंगरूळपीरच्या घरात सात रंगीत कोंबड्या होत्या, वनराजा जातीच्या. ही जात हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेने परसात पाळण्यासाठीच तयार केली. आपल्या गावठी कोंबडीचे वजन साधारण सव्वा-दीड किलो भरते आणि ती वर्षाला पन्नास-साठ अंडी देते. वनराजा शंभराच्या आसपास देते. पण तिची अट आहे. तिला फिरायला जागा हवी आणि वजन आटोक्यात हवे. सहा महिन्यांच्या तलंगीचे वजन दोन, फार तर अडीच किलोपर्यंत ठीक. या बाईंच्या कोंबड्या साडेतीन किलोच्या पुढे गेल्या होत्या. कुत्र्यांच्या भीतीने आणि शेजारच्या कटकटीने त्या भिंतीच्या आत कोंडलेल्या. शिळी पोळी, भात आणि वर ज्वारी, हवी तेवढी. रमजानमध्ये इफ्तारची उरलेली भजीसुद्धा त्यांच्याच टोपल्यात गेली होती. येणारी-जाणारी म्हणायची, माशाअल्लाह, काय तब्येत आहे! शेवटी एक कापली तेव्हा पोटातून मुठीएवढा पिवळा चरबीचा गोळा निघाला.

पोळी, भात, ज्वारी यांतून मुख्यतः ऊर्जा मिळते. न फिरणाऱ्या कोंबडीच्या अंगात ती चरबी होऊन साठते, आधी पोटात आणि मग काळजात. अंडे येण्याची वाट त्या चरबीने आवळली जाते. अंडी कमी होतात, कधी मऊ कवचाचे अंडे पडते, कधी ते आतच अडकते. आपल्या वैशाखात अशी जाडी कोंबडी सकाळी ठीक दिसते आणि दुपारी पडलेली सापडते. मग लोक नजर लागली म्हणतात.

रिसोडकडच्या घरची गोष्ट उलटी. तिथे गावठी कोंबड्या मोकळ्या फिरणाऱ्या. मळणी होऊन अंगणात सोयाबीनची रास पडलेली, आणि वाशीम जिल्ह्यात सोयाबीनला काय तोटा! कोंबड्या दिवसभर राशीवरच. गळ्याखालची पिशवी टम्म, छाती मात्र सुरीच्या पात्यासारखी. आईला वाटायचे, एवढे महागाचे धान्य खाऊन या वाळतात कशा?

कच्च्या सोयाबीनमध्ये असा एक घटक असतो की तो पोटातल्या प्रथिन पचवणाऱ्या रसालाच अडवतो. ते प्रथिन पोटातून जाते, पण अंगी लागत नाही. हे काही नवे नाही. अमेरिकेत ऑस्बोर्न आणि मेंडेल या दोघांनी 1917 मध्येच उंदरांवर पाहिले होते की कच्च्या सोयाबीनवर ते वाढत नाहीत, शिजवून दिले की वाढतात. कोंबडीचेही तेच. उष्णतेने हा घटक मोडतो. म्हणून सोयाबीन द्यायचे तर चांगले भाजून, कच्चा वास जाईपर्यंत, आणि मग भरडून. तेही थोडे, कारण त्यात तेल बरेच असते. त्यापेक्षा कारखान्यातून तेल काढून आलेली सोयाबीन ढेप बरी. ती उष्णता लागूनच तयार झालेली असते आणि प्रथिनही भरपूर. रास मात्र ताडपत्रीने झाकायची.

आता आपल्या कोंबड्या कोणत्या घरासारख्या आहेत हे ओळखायचे कसे? डोळ्यांवर विश्वास ठेवू नका, पिसे फसवतात. रात्री कोंबड्या खुराड्यात शांत बसल्या की एकेक उचला आणि छातीचे मधले हाड बोटांनी चाचपा. हाड धारदार लागले आणि दोन्ही बाजूंना मांस खोलगट वाटले तर कोंबडी वाळली आहे. हाड सापडतच नसेल आणि पोट मऊ, भरलेल्या उशीसारखे लागत असेल तर ती जाडी. हाड लागते आहे पण टोचत नाही, बाजूला गोलसर मांस आहे, ती ठीक. मग शेपटीखालच्या दोन हाडांमध्ये बोटे ठेवून पाहा. अंड्यावर असलेल्या कोंबडीत तिथे दोन-तीन बोटे बसतात, बंद झालेलीत जेमतेम एक. वजन करायचे तर सकाळी दाणे टाकण्याआधी, पिशवीत घालून ताणकाट्यावर. पंधरा दिवसांनी पुन्हा, त्याच वेळी. आकडे मुलांना वहीत लिहायला सांगा. आमच्या वर्गातली मुले गणितातल्या सरासरीला कंटाळतात, पण कोंबड्यांची सरासरी भांडून काढतात.

दाण्यांचा हिशेबही मांडून बघा. एका अंड्याच्या कवचात सुमारे 2 ग्रॅम कॅल्शियम असते. 100 ग्रॅम ज्वारीत ते 25 मिलीग्रॅमच्या आसपास. म्हणजे फक्त ज्वारीवर एक कवच बनवायचे तर आठ किलो ज्वारी लागेल! ती कोण खाणार? मग कोंबडी स्वतःच्या हाडांतून कॅल्शियम काढते, आणि ते संपत आले की अंडी थांबतात. म्हणून एका वेगळ्या वाटीत शिंपल्यांचा चुरा किंवा चुनखडीचे बारीक खडे कायम ठेवा. जिला गरज आहे ती खाईल. अंड्याची टरफले वाळवून, बारीक कुटून दिली तरी चालतात. अख्खी टाकू नका, अंडी फोडून खायची सवय लागते. लहान पिलांना मात्र हा चुरा नको, त्यांच्या मूत्रपिंडांना तो बाधतो.

प्रथिनाचेही तसेच. अंड्यावरच्या कोंबडीच्या खाद्यात ते सोळा-सतरा टक्के लागते, ज्वारीत दहाच्या आसपास असते. घरी दहा किलो मिश्रण करायचे तर साडेसहा किलो भरडलेली ज्वारी आणि मका, दोन किलो सोयाबीन ढेप, दीड किलो तुरीची चुरी. खनिज मिश्रण पाकिटावर लिहिले असेल तेवढे. कोंडून ठेवलेल्या मोठ्या कोंबडीला याचे दिवसाला शंभर-एकशेदहा ग्रॅम पुरे. दिवसभर फिरून किडे, गवत, सांडलेले दाणे टिपणाऱ्या गावठी कोंबडीला संध्याकाळी तीस-चाळीस ग्रॅम. मूठ प्रत्येकीची वेगळी असते, म्हणून एकदा काट्यावर मोजून एक वाटी ठरवा आणि ती दुसऱ्या कामाला वापरू नका. सुगीत अंगणभर दाणे असतात तेव्हा ती अर्धी भरा. उन्हाळ्यात शिवार मोकळे असते, तेव्हा पूर्ण. उन्हाच्या दिवसांत दाणे पहाटे आणि सूर्य कलल्यावर, पाणी सावलीत आणि दोनदा बदललेले. पावसाळ्यात मक्याला किंवा ढेपेला बुरशीचा वास आला तर ती कोंबड्यांना 'तरी' घालू नका. माणसाला नको ते कोंबडीला चालते, हा आपला जुना गैरसमज आहे. लोणचे, पापड, खारट सालन हेही त्यातच आले.

जाडी झालेल्या कोंबडीला उपाशी ठेवायचे नाही. एकदम उपास घडला की अंगातली चरबी काळजात उतरते आणि कोंबडी जाते. पोळी-भात बंद, ज्वारी दर आठवड्याला थोडी कमी, आणि आहे ती कुटारात विखरून टाकायची, म्हणजे उकरून खावी लागेल. मंगरूळपीरच्या बाईंना हे सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, "दाण्यासाठी त्यांना राबवायचं?" हो, राबवायचे. कोंबडीचा जन्मच उकरण्यासाठी आहे.

वाळलेल्या कोंबडीला मात्र सरळ खाद्य वाढवण्याआधी दोन-तीन गोष्टी पाहा. पंखांखाली आणि गुदाभोवती उवा आहेत का? जंताचे औषध कधी दिले होते? गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा, मात्रा वजनावर ठरते. मानमोडीची लस राहिली असेल तर तीही तेव्हाच विचारून घ्या. कोंबडी अंड्यांवर बसायला लागली असेल तर ती वाळणारच, दिवसातून एकदाच उठून खाते. तो आजार नाही. मराठीत तिला खुडूक म्हणतात, उर्दूत कुड़क. शब्द एकच आहे, हे वर्गात सांगितले की मुले खूश होतात. पिसे गाळणारी कोंबडीही तेवढे दिवस अंडी देत नाही. तिचे प्रथिन नव्या पिसांत जाते.

एक मुद्दा आपल्या दस्तरखानाचा. गटारावर, उकिरड्यावर चरलेली कोंबडी कापण्याआधी तीन दिवस बांधून स्वच्छ दाण्यावर ठेवायची रीत आपल्या घरांत आहे. घाण खाणाऱ्या जनावराला फिकहमध्ये जल्लाला म्हटले आहे आणि त्याचे मांस खाण्याची मनाई हदीसमध्ये आली आहे. कोंबडीसाठी तीन दिवसांची मुदत त्यावरूनच. पण ही काळजी आपण सुरीच्या आधीच का घेतो? अंडे तर रोज खातो, आणि तेही त्याच खाण्यातून बनते. खुराडा गटारापासून लांब हलवणे आणि दाणे मातीऐवजी पसरट भांड्यात टाकणे, एवढ्याने बरेच काम होते.

आणि जूनमध्ये पेरणीच्या दिवसांत एक लक्षात ठेवा. बियाण्याला बुरशीनाशक चोळून ते गुलाबी-लाल करतात. त्यातले उरलेले दाणे, सांडलेली पिशवी, हात धुतलेले पाणी यांतले काहीही कोंबड्यांच्या वाटेत राहू देऊ नका. ते विष आहे. उरलेले बियाणे पिशवी बांधून उंचावर ठेवा आणि पेरणी आटपेपर्यंत कोंबड्या डालग्याखाली झाका.