कडब्याचा शेकडा नेमका केवढ्याला? वाईत वैरणीचा भाव असा ठरतो

फेब्रुवारी संपत आला की वाई, खंडाळा, कोरेगाव पट्ट्यातल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एकाच छापाचे मेसेज फिरायला लागतात. कडबा विकणे आहे, मालदांडी आहे, हजार पेंढी आहे, जागेवर आहे. सोबत शेतातल्या कडब्याचा फोटो. खाली पहिला प्रश्न ठरलेला, शेकडा कसा? मालक आकडा सांगतो आणि मग अर्धा ग्रुप म्हणतो महाग आहे, अर्धा म्हणतो घेऊन टाका.

गंमत अशी की दोघंही बरोबर असू शकतात. कारण पेंढी केवढी आहे, हे कुणी विचारलेलंच नसतं.

आधी ज्यांच्या घरी गोठा नाही त्यांच्यासाठी थोडं. ज्वारी काढून वाळवली, कणसं खुडली की मागे उरतात ती वाळलेली ताटं म्हणजे कडबा. ही ताटं आळ्याने आवळून बांधली की पेंढी होते. पाच पेंढ्यांचा पाचुंदा, वीस पाचुंद्यांचा शेकडा. सौदा होतो तो शेकड्यावर. दूध लिटरवर जातं, ज्वारी क्विंटलवर जाते, ऊस टनावर जातो, पण त्याच रानातला कडबा आजही मोजून विकला जातो, तोलून नाही.

पेंढी मात्र बांधणाऱ्याच्या हातावर असते. कुणाची कवेत मावणार नाही एवढी, कुणाची मनगटाएवढ्या आळ्यात बसणारी. समजा, एकाने शेकडा २,००० रुपये सांगितला आणि त्याची पेंढी सरासरी १ किलो ६०० ग्रॅम भरते. म्हणजे १६० किलो कडबा, किलोला साडेबारा रुपये. दुसऱ्याने शेकडा १,८०० सांगितला, पेंढी १ किलो २०० ग्रॅमची. १२० किलो माल, किलोला १५ रुपये. शेकड्याला २०० रुपये वाचवले म्हणून खूश झालेला गिऱ्हाईक प्रत्यक्षात किलोमागे अडीच रुपये जास्त देऊन आलेला असतो. जुनी जाणती माणसं म्हणूनच गंजीतल्या वेगवेगळ्या ठिकाणच्या चार-सहा पेंढ्या उचलून बघतात आणि मगच विसार देतात. आता काट्याला अडकवून वजन घेणारेही वाढलेत. मोबाइलवरच्या फोटोत यातलं काहीच दिसत नाही.

दुसरा शब्द 'जागेवर'. याचा अर्थ गाडी, भरणी, उतरणी सगळं घेणाऱ्याच्या गळ्यात. 'पोहोच' म्हटलं तर तोच खर्च विकणाऱ्याच्या भावात मिसळलेला असतो. कडबा हलका पण जागा खाणारा माल. टेम्पो वजनाने भरायच्या आधी उंचीने भरतो, त्यामुळे भाडं किलोवर नाही तर खेपेवर द्यावं लागतं. हजार पेंढ्यांच्या खेपेला ४,००० रुपये भाडं धरलं तर शेकड्यामागे ४०० रुपये वाढले. वरच्या पहिल्या उदाहरणात साडेबाराचा किलो दारात येईपर्यंत १५ चा झाला. पाचवड, भुईंज, सुरूर ही गावं महामार्गावर आहेत, खंबाटकी घाट ओलांडला की पुण्याकडचे गोठे. त्यामुळे रस्त्याकडेच्या रानातला कडबा आणि आतल्या वाडीतला कडबा यांच्या भावात फरक पडतो, माल एकच असला तरी.

मग प्रत. रब्बीची मालदांडी सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरतात, फेब्रुवारी-मार्चमध्ये कोरड्या हवेत काढतात. ताट बारीक, पाला टिकलेला, चवीला गोड. जनावर बुडख्यापर्यंत खातं. खरिपाच्या संकरित ज्वारीचं ताट जाड आणि काढणीच्या वेळी परतीच्या पावसात भिजण्याचा धोका. असा काळा पडलेला कडबा गाय पुढ्यात टाकला तरी निवडून खाते आणि निम्मा पायाखाली जातो. पश्चिमेकडे जोर-जांभळीच्या खोऱ्यात भाताचा पेंढा आणि डोंगरावरचं वाळलं गवत असतं, पण दुधाच्या जनावराला मालदांडीच्या कडब्याची सर त्याला नाही, हे गोठेवाले जाणतात आणि भावही तसाच देतात.

आता खरा मुद्दा. शेतकऱ्याला हा कडबा किती महत्त्वाचा आहे?

केंद्राने २०२५-२६ साठी मालदांडी ज्वारीचा हमीभाव क्विंटलला ३,७४९ रुपये जाहीर केला. कोरडवाहू एकराला पाच क्विंटल ज्वारी धरली आणि हमीभाव खरंच हातात पडला असं मानलं, तर १८,७४५ रुपये होतात. त्याच एकरातून ७०० पेंढ्या निघाल्या आणि पेंढी २० रुपयांनी गेली तर १४,००० रुपये. आकडे रानागणिक बदलतील, पण कडबा हा ज्वारीचा उरलासुरला भाग नाही, निम्म्याच्या जवळ जाणारं उत्पन्न आहे, हे एवढ्यावरूनही कळतं. दाण्याला कागदावर का होईना हमीभाव आहे. कडब्याला तोही नाही.

आणि इथेच वेळेचा खेळ सुरू होतो. मार्चमध्ये सगळ्यांचीच सुगी असते, सगळ्यांनाच मजुरांचे पैसे द्यायचे असतात, सोसायटीचं कर्जही मार्चअखेर भरायचं असतं. त्यामुळे बरेच जण रानातच उक्त्यात सौदा करतात. अमुक एवढं रान, एवढे पैसे, मोजणी तुम्ही करा आणि घेऊन जा. घेणारा व्यापारी किंवा मोठा गोठेवाला तो माल गंज लावून ठेवतो. मेअखेर हिरवी वैरण आटते, विहिरी तळाला जातात आणि तेव्हा तोच कडबा चढ्या भावाने बाहेर निघतो. वाढलेल्या भावातला मोठा हिस्सा पिकवणाऱ्याला नाही, तर ज्याला तीन महिने थांबणं परवडतं त्याला मिळतो.

मग शेतकऱ्याने थांबावं, असा सल्ला देणं सोपं आहे. पण थांबण्याचीही किंमत असते. गंज लावायला जागा लागते, आगीची भीती असते आणि वरून पाऊस. २०२५ च्या मे महिन्याने ही भीती खरी करून दाखवली. त्या वर्षी मान्सून २६ मे रोजीच मुंबईत पोहोचला, आणि त्याआधीच बारामती-फलटण पट्ट्यात धो धो पाऊस झाला. जूनच्या भावाची वाट बघत उघड्यावर गंज ठेवणाऱ्याच्या हातात अशा वर्षी काळा पडलेला कडबा उरतो. ताडपत्री किंवा शेड असलेला वाचतो. म्हणजे पुन्हा तेच, ज्याच्याकडे आधीच चार पैसे आहेत त्यालाच थांबता येतं.

दुष्काळात हा सगळा हिशोब आणखी वाकडा होतो आणि वाईला तो २०२३ मध्ये जवळून बघायला मिळाला. ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी राज्य सरकारने १५ जिल्ह्यांतल्या ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. सातारा जिल्ह्यातून त्यात दोनच तालुके होते, वाई आणि खंडाळा. कृष्णेच्या उगमाकडचा, धोम आणि बलकवडी धरणं असलेला तालुका यादीत आणि वर्षानुवर्षं टँकरवर जगणारे माण-खटाव यादीबाहेर, यावरून तेव्हा बरीच ओरड झाली. नोव्हेंबरमध्ये सरकारने आणखी सुमारे हजार महसूल मंडळांत दुष्काळसदृश स्थिती मान्य केली. दुष्काळ जाहीर झाल्यावर मिळणाऱ्या सवलती ठरलेल्या असतात. जमीन महसुलात सूट, कर्जाचं पुनर्गठन, शेतीपंपाच्या वीजबिलात ३३.५ टक्के सवलत, परीक्षा शुल्क माफी. गोठ्यातल्या दावणीला आज संध्याकाळी काय टाकायचं, हा प्रश्न त्यातून सुटत नाही.

त्यासाठी सरकारकडे दोन जुनी हत्यारं आहेत. एक छावणी, दुसरं बंदी.

छावणीचा अनुभव २०१९ चा ताजा आहे. माण तालुक्यात म्हसवडला माणदेशी फाउंडेशनने छावणी चालवली, सरकारी अनुदानावरच्या छावण्याही अनेक जिल्ह्यांत उघडल्या. त्या उन्हाळ्यात अनुदान वाढत वाढत मोठ्या जनावरामागे दिवसाला १०० रुपयांवर गेलं. म्हणजे एक गाय जगवायला दिवसाला एवढा खर्च येतो, हे सरकारनेच मान्य केलं होतं.

बंदीचं गणित मात्र क्वचितच बोललं जातं. टंचाईची चाहूल लागली की जिल्हाधिकारी चारा जिल्ह्याबाहेर नेण्यास मनाई करतात. २०२३ मध्येही अनेक जिल्ह्यांतून असे आदेश निघाले. हेतू सरळ आहे, इथली वैरण इथल्या जनावरांना. पण ज्याच्याकडे जनावर नाही आणि फक्त कडबा आहे, त्याचं काय? त्याचं पीक आधीच निम्मं आलेलं असतं. दाणा कमी भरला, निदान कडब्याला भाव येईल ही एकच आशा असते. बंदी लागली की बाहेरचा गिऱ्हाईक बंद आणि भाव गावातला गोठेवाला ठरवणार. दूध उत्पादकाला वाचवण्याचा खर्च कोरडवाहू ज्वारीवाल्याच्या खिशातून जातो. सरकारला जिल्ह्यातली वैरण जिल्ह्यातच ठेवायची असेल तर ती योग्य दराने खरेदी करण्याची तयारीही ठेवायला हवी. नुसता आदेश काढणं हा स्वस्तातला मार्ग झाला.

अर्थात गोठेवालाही काही मजेत नसतो. जुलै २०२४ पासून राज्यात ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफच्या गायीच्या दुधाला ३० रुपये दर आणि वर पाच रुपये सरकारी अनुदान असा हिशोब ठरला होता. गायीला दिवसाला पाच किलो कडबा घातला आणि तो साडेबाराच्या भावाने घेतला असेल, तर साडेबासष्ट रुपये झाले. दोन लिटर दुधाचे पैसे नुसत्या कडब्यात गेले. पेंड, हिरवी वैरण, डॉक्टर हे अजून धरलेलंच नाही. दोन गायींना मार्च ते जून असे चार महिने पुरवायचं म्हटलं तर १,२०० किलो लागतो, म्हणजे दीड किलोच्या ८०० पेंढ्या.

म्हणून मग तो दुसरीकडे बघतो. भुईंजला किसन वीर कारखान्याचा हंगाम सुरू असेपर्यंत उसाची वाढी मिळतात. तोडणीच्या टोळ्या ती बांधून विकतात, त्यांच्या हातखर्चाचा तो आधार असतो. पण वाढ्यांत ऑक्झलेट जास्त, रोज तेवढंच घातलं तर जनावराच्या अंगातला कॅल्शियम कमी होतो. अलीकडे मक्याच्या मुरघासाच्या बॅगाही दारात येतात आणि त्या किलोवर विकल्या जातात. इथे पुन्हा फसायला होतं. मुरघास समजा ७ रुपये किलो आणि कडबा साडेबारा, तर मुरघास स्वस्त वाटतो. पण मुरघासात दोन तृतीयांश पाणीच असतं. कोरडा भाग ३० टक्के धरला तर कोरड्या चाऱ्याचा किलो २३ रुपयांच्या वर जातो. कडब्यात ९० टक्के कोरडा भाग, म्हणजे किलोला १४ रुपयांच्या आसपास. मुरघासात मक्याचा दाणा असल्याने ताकद जास्त, दूध देणाऱ्या गायीला तो मानवतो, हे खरं. पण भाकड जनावराला महागाची बॅग फोडणं म्हणजे नुकसान.

या सगळ्यात कडब्याचे भाव टिकवून धरणारं आणखी एक गिऱ्हाईक आहे, ते दुधाच्या हिशोबात बसत नाही. बैलवाले. १८ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बैलगाडा शर्यतींचा कायदा वैध ठरवला आणि खिलारांची दावण पुन्हा भरू लागली. वाईजवळ बावधनला रंगपंचमीला बगाड निघतं, तेही बैलच ओढतात. हौसेच्या बैलासाठी घेतलेल्या पेंढीला कुणी दुधाचा दर लावत नाही.

मागणी आहे, तरी कडबा कमी का होतोय, याचं उत्तर काढणीत आहे. ज्वारी उपटायची, आळे वळायचे, पेंढ्या बांधायच्या, कणसं खुडायची, सगळं हाताचं काम. मजूर मिळत नाही, मिळाला तर मजुरी परवडत नाही. म्हणून काही जण मळणी यंत्र थेट रानात घालतात. दाणा तासाभरात घरी, पण ताटं तुडवली जातात, चुरा होतो आणि शेकड्यात मोजायला काही उरत नाही. काही जण तर ज्वारी सोडून हरभऱ्याकडे वळलेत. सप्टेंबरअखेर वाफसा आला की वाईच्या पूर्वेकडच्या रानात पुन्हा हाच हिशोब मांडला जाईल. मालदांडी पेरायची की हरभरा, हे बऱ्याच घरांत दाण्याच्या भावावरून ठरणार नाही. मार्चमध्ये पेंढ्या बांधायला माणसं मिळतील का, यावरून ठरेल.