‘टेन्शन घेऊ नका’ हा उपचार नव्हे

आमच्या छत्रपती संभाजीनगरात, घाटीच्या ओळीत उभी असलेली बाई असो की गल्लीतल्या दवाखान्यातली, एक सल्ला तिला हमखास मिळतो: ‘बाई, टेन्शन घेऊ नका.’ सर्दी-खोकला हटत नाही, टाक्यांची जखम भरत नाही, अंग सारखे मोडून येते, अशा तक्रारी ती सांगते. तपासणीत ठळक काही सापडले नाही की तिचे दुखणे ‘मनाचे’ ठरते. घरी हाच शब्द ‘नाटक’ होतो. वस्तीत काम करताना हे मी इतक्या वेळा ऐकले आहे की, त्याला उत्तर देणे भाग आहे.

ताण मनात राहत नाही, तो रक्तात उतरतो. धोका दिसला की मूत्रपिंडावरच्या ग्रंथी ॲड्रेनॅलिन आणि कॉर्टिसॉल ही संप्रेरके सोडतात. ताण थोडा वेळ टिकला तर शरीराचा फायदाच होतो. शरीराचे पहिले पहारेकरी, म्हणजे जंतू गिळणाऱ्या व रोगट पेशी मारणाऱ्या पांढऱ्या पेशी, कामाला सज्ज होतात. ही आपली उपजत प्रतिकारशक्ती. पण धोका रोजचाच झाला, तर कॉर्टिसॉल याच पहारेकऱ्यांचे हात बांधते. जखमेकडे मदत बोलावणारे त्यांचे संदेश क्षीण होतात. पुढे या पेशी कॉर्टिसॉललाही दाद देईनाशा होतात आणि शरीरात दाह धुमसत राहतो.

शरीराजवळ याला लगामही आहे. १९९२ साली जेरुसलेममध्ये राफाएल मेशुलाम यांच्या गटाने मेंदूत एक द्रव्य शोधले आणि आपल्या ‘आनंद’ या शब्दावरून त्याचे नाव ठेवले आनंदमाइड. अशी द्रव्ये पेशींच्या आवरणातील स्निग्धांशापासून गरजेपुरती तयार होतात, ताणाची लाट ओसरायला मदत करतात आणि पांढऱ्या पेशींवरही काम करून दाह आवरतात. दीर्घ ताणात मेंदूतले आनंदमाइड घटते, असे प्राण्यांवरील प्रयोगांत दिसले आहे. भांगेतली द्रव्ये याच वाटेने काम करतात. म्हणून कोणी नवऱ्याच्या नशेचे समर्थन करू लागला, तर त्याला सांगावे की, शरीर जे मोजून-मापून करते ते नशा करत नाही.

ओहायो स्टेट विद्यापीठात जॅनिस किकोल्ट-ग्लेझर यांनी १९९५ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकांची शुश्रूषा करणाऱ्या १३ स्त्रिया आणि तसा भार नसलेल्या १३ स्त्रिया यांच्या हातावर सारखीच छोटी जखम केली. शुश्रूषा करणाऱ्यांची जखम भरायला सरासरी ९ दिवस जास्त लागले. २००५ साली ४२ जोडप्यांवर असाच अभ्यास झाला. ज्यांच्या बोलण्यात वैरभाव जास्त होता, त्यांच्या जखमा इतरांच्या ६० टक्के वेगानेच भरल्या. मारहाण नव्हे, नुसते बोलणे! ‘हात तर उगारला नाही ना?’ असे विचारणाऱ्या पंचांपुढे हे ठेवायला हवे.

आता आपल्याकडे पाहा. जायकवाडी हाकेच्या अंतरावर असूनही या शहरातल्या कित्येक वस्त्यांनी वर्षानुवर्षे आठवड्या-आठवड्याने नळाला पाणी येताना पाहिले. पाणी मध्यरात्री आले तर उठते कोण? २०१९च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीनुसार बिनमोल घरकामात स्त्रिया दिवसाला २९९ मिनिटे घालवतात, पुरुष ९७. २०१९-२१च्या कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. अपुरे अन्न, अपुरी झोप, वर धाक. ‘टेन्शन घेऊ नका’ म्हणजे यातले नेमके काय घेऊ नका?

मात्र हे शास्त्र आपल्यावरच उलटू शकते. ‘बायका मुळात नाजूक, त्यांची संप्रेरकेच तशी’ असे म्हणणारे टपलेले आहेत. पण २००५च्या अभ्यासात पुरुषही होते. प्रश्न बाईच्या घडणीचा नाही, तिच्यावर लादलेल्या ओझ्याचा आहे. दुसरीकडे ध्यान, प्राणायाम, ‘सकारात्मक विचार’ यांची दुकाने आहेत. प्राणायामाला माझा विरोध नाही. पण मारणाऱ्याला मोकळे सोडून मार खाणारीला श्वास मोजायला सांगणे हा न्याय नव्हे.

वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २०००च्या सुमारास ‘दिलासा’ केंद्र उभे राहिले. हिंसेची झळ लागलेल्या बाईला रुग्णालयातच आधार मिळू शकतो, हे त्याने दाखवले. कौटुंबिक हिंसाचार कायदा २००५ सालचा. पीडित स्त्रीला वैद्यकीय मदत देणे त्याने रुग्णालयांवर बंधनकारक केले आहे. तेव्हा आपली मागणी साधी असावी. न भरणाऱ्या जखमेसोबत डॉक्टरांनी घरची परिस्थितीही एकांतात विचारावी, कागदावर नोंदवावी आणि पुढची वाट दाखवावी. पाण्याच्या मोर्चात आरोग्याची मागणी असावी आणि आरोग्य शिबिरात पाण्याची. आणि गटाच्या बैठकीत एखादी म्हणाली, ‘अंगात त्राण नाही’, तर गोळीच्या आधी तिला विचारू या: रात्री झोपतेस किती, आणि घरात भीती कुणाची वाटते?